दावा निकाली निघाला, म्हणजे नेमकं काय झालं?

या महिन्यात दिवाणी दाव्यांबद्दल बरीच पत्रं आली, म्हणून ती एकत्र घेते आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: केस संपली म्हणतात, पण आपण जिंकलो की हरलो तेच कळत नाही. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करताना हे मी रोज ऐकते. माझं सांगणं असं, की जिंकलो का हे विचारण्याआधी दावा कोणत्या वाटेने संपला ते बघा. साक्षीपुरावा होऊन संपला, गैरहजेरीत गेला, काढून घेतला, की तडजोडीत मिटला? पुढचा उपाय त्यावर ठरतो आणि मुदतही त्यावरच ठरते. आणि ती मुदत तुम्ही चौकशी करत फिरत असता तेव्हाही धावतच असते.

पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नावं आणि गावं वगळली आहेत.

प्रश्न: शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून वडिलांनी मनाई हुकमाचा दावा लावला होता. तात्पुरता मनाई हुकूम मिळालाही होता. मधे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तारखांना कोणी गेलं नाही. आता मोबाइलवर ई-कोर्ट्सवर पाहिलं तर ‘केस डिस्पोज्ड’ आणि खाली ‘अनकॉन्टेस्टेड, डिसमिस्ड इन डिफॉल्ट’ असं दिसतं. वकिलांनी काही कळवलं नव्हतं. शेजारी गावभर सांगतोय की कोर्टाने बांध त्याचा ठरवला. हे खरं आहे का? आता काही करता येईल का?

उत्तर: शेजारी सांगतो ते खरं नाही. आधी वडिलांना हे सांगा, अंथरुणावर पडून ते हीच गोष्ट घोळवत असतील.

गैरहजेरीत दावा काढून टाकताना न्यायाधीश बांध कोणाचा आणि कोणी कोरला या प्रश्नात शिरतच नाहीत. साक्ष झालेली नसते, मुद्द्यांवर निष्कर्ष दिलेला नसतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या कलम २ मध्ये हुकूमनाम्याची, म्हणजे डिक्रीची, जी व्याख्या आहे, तिच्यातून असा आदेश स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे बांध शेजाऱ्याचा ठरला असं म्हणायला त्याच्या हातात एकही कागद नाही. तो तसं म्हणत असेल तर निकालाची नक्कल दाखव म्हणा.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दावा गेला की त्यातला तात्पुरता मनाई हुकूमही जातो. आज शेजाऱ्याने बांधावर जेसीबी उभा केला तर त्याला अडवायला तुमच्याकडे आदेश नाही. म्हणून घाई करा.

उद्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात जाऊन रोजनाम्याच्या आणि शेवटच्या आदेशाच्या नकलेसाठी अर्ज द्या. मोबाइलवर दिसणारी ओळ माहितीपुरती ठीक आहे, त्यावर अवलंबून पुढचं पाऊल टाकू नका. रोजनामा म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेला काय घडलं त्याची नोंद. तिथे शेवटच्या तारखेला साधारण अशा ओळी असतील: ‘पुकारा करूनही वादी व त्यांचे वकील गैरहजर. प्रतिवादीचे वकील हजर. सबब दावा वादीच्या गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो.’ यातलं मधलं वाक्य बारकाईने वाचा. प्रतिवादी हजर होता की नव्हता, यावर तुमचं पुढचं गणित बदलतं.

त्या दिवशी दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर संहितेच्या आदेश ९ मधल्या (‘आदेश’ म्हणजे इथे संहितेतलं नियमांचं प्रकरण) नियम ३ खाली दावा गेला. अशा वेळी दोन वाटा मोकळ्या असतात: तोच दावा पुन्हा बोर्डावर घ्या असा अर्ज करता येतो किंवा मुदतीत बसत असेल तर नवा दावाही लावता येतो. पण प्रतिवादी हजर आणि तुम्ही एकटेच गैरहजर असाल, तर नियम ८ लागतो आणि मग नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. तोच दावा पुनर्स्थापित करून घ्यावा लागतो. पुष्कळ लोक इथे फसतात. कोणीतरी सांगतं की नवीन केस टाकू, काही बिघडत नाही. त्यात वर्ष जातं, मग प्रतिवादी नियम ९ वर बोट ठेवतो आणि तोवर जुना दावा परत आणायची मुदतही कधीच उलटून गेलेली असते.

ती मुदत ३० दिवसांची आहे आणि ती दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नाही. मला हा नियम कठोर वाटतो. समन्स नीट न बजावता एकतर्फी हुकूमनामा झालेल्या प्रतिवादीला कळल्यापासून ३० दिवस मिळतात, आजारी वादीला मात्र ती सवलत नाही. पण कायदा आज असा आहे, म्हणून अर्जासोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्जही जोडा.

विलंब माफीच्या अर्जात ‘वडील आजारी होते’ एवढंच लिहून भागत नाही. झटका कोणत्या तारखेला आला, दवाखान्यात कधी ठेवलं, घरी कधी आणलं, चालायला कधी लागले, तुम्ही मोबाइलवर नोंद कोणत्या दिवशी पाहिली, नकलेचा अर्ज कधी दिला, हे सगळं तारखांसकट एकापुढे एक मांडा. डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीचे कागद जोडा. वकिलांनी कळवलं नाही असं तुमचं म्हणणं असेल तर त्यांना केलेले फोन आणि मेसेज यांची नोंद द्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच म्हटलं आहे. तरीही पक्षकाराने स्वतः कधी चौकशी केली की नाही हे न्यायालय पाहतंच, आणि त्यावरही तुमचं उत्तर तयार हवं. न्यायालयाला कारण पटलं तर दावा परत घ्यावाच लागतो, फार तर खर्चाची अट घालतील. ती घातली तर मुकाट्याने भरा. नियम ९ खालचा अर्ज फेटाळला तर त्या आदेशावर जिल्हा न्यायालयात अपील आहे.

आणखी एक मागणी त्याच अर्जात लिहून घ्या: दावा परत घेताना आधीचा तात्पुरता मनाई हुकूमही पूर्ववत करावा. नाहीतर तो आपोआप जिवंत झाला की नाही यावर नवा वाद सुरू होतो.

प्रश्न: आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ. वाटपाच्या दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला, प्रत्येकीला १/४ हिस्सा. त्याला दोन वर्षं झाली. तलाठी म्हणतात नुसत्या या निकालावर सातबाऱ्यावर वेगळा हिस्सा पडत नाही. भाऊ म्हणतो निकालाची मुदत संपली. आम्ही केस जिंकलो ना?

उत्तर: ताई, जिंकलात. पण अर्ध्या वाटेवर थांबलात.

निकालपत्राचं शेवटचं पान काढा. वरची सगळी पानं म्हणजे कोणाचं काय म्हणणं होतं, मुद्दे काय निघाले, कोणत्या साक्षीवर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला आणि का. शेवटी ‘आदेश’ म्हणून आकड्यांत मांडलेली कलमं असतात. तुमच्या निकालात ती अशा धर्तीची असणार: दावा खर्चासह मंजूर करण्यात येतो, वादींचा प्रत्येकी १/४ हिस्सा असल्याचे जाहीर करण्यात येते, शेतजमिनीच्या वाटपासाठी कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत, प्राथमिक हुकूमनामा तयार करण्यात यावा. ‘प्राथमिक’ हा शब्द तिथे असेल तर तुमचं काम कुठे अडलं ते कळलं.

प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्सा किती ते ठरतं. कोणता तुकडा कोणाचा ते अजून ठरायचं असतं. ज्या जमिनीला शेतसारा लागतो, तिचं सरसनिरस (चांगली-वाईट जमीन पाहून) वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले राजपत्रित अधिकारी करतात. तिथे मोजणी होते, नकाशा होतो आणि मग ताबा मिळतो. घर, घराची जागा आणि मोकळा प्लॉट यांचं वाटप न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून करतं. त्याचा अहवाल आला, हरकती ऐकल्या की अंतिम हुकूमनामा होतो. तो स्टॅम्प पेपरवर लागतो, त्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

भावाचं मुदतीचं म्हणणं चुकीचं आहे. वाटपाच्या दाव्यात अंतिम हुकूमनाम्यासाठी करायच्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं. २०२२ साली त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की प्राथमिक हुकूमनामा दिल्यावर न्यायालयाने वेगळ्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहूनच पुढच्या कामासाठी तारीख नेमावी. तुमच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही, तेव्हा तुम्हीच अर्ज द्या आणि शेतजमिनीचे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे खरोखर रवाना झालेत का ते आवक-जावक नोंदीतून तपासा. कित्येकदा ते दप्तरातच असतात.

हिस्साच कमी धरला आहे असं तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल, तर ते वेगळं प्रकरण. प्राथमिक हुकूमनाम्यावर वेळेत अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात तो मुद्दा काढता येत नाही, कलम ९७ तसं स्पष्ट सांगतं. तुमच्या पत्रावरून हिस्सा बरोबर दिसतो, मग अपिलाचा विचार नको. कागद पुढे सरकवा.

प्रश्न: माझ्याविरुद्ध चार लाखांचा हुकूमनामा झाला. समोरच्या गृहस्थांशी बाहेरच मिटवलं, तीन लाखांत. दोन लाख बँकेतून दिले, एक लाख रोख. त्यांनी ‘सर्व हिशेब मिटला’ अशी सही करून चिठ्ठी दिली. पैसे देऊन अठरा दिवस झाले. काल ओळखीच्या कारकुनाकडून कळलं की त्यांनी चार लाखांची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल केली आहे. माझ्याकडे चिठ्ठी आहे, म्हणून मी निर्धास्त राहू का?

उत्तर: मुळीच नाही. या पत्राला मी अंक छापायला जायच्या आत वेगळं उत्तर पाठवून आधीच कळवलं आहे, कारण तुमच्याकडे मोजके दिवस उरले होते. इतरांसाठी इथे सविस्तर लिहिते.

हुकूमनामा झाल्यानंतर न्यायालयाबाहेर पैसे दिले किंवा कमी रकमेत मिटवलं, तर ते न्यायालयात नोंदवावं लागतं. आदेश २१ चा नियम २ यासाठीच आहे. नोंद करायची जबाबदारी आधी ज्याला पैसे मिळाले त्याची. तो करत नसेल तर पैसे देणाऱ्याने अर्ज करायचा, मग न्यायालय समोरच्याला नोटीस काढून विचारतं. नोंद झालीच नाही, तर दरखास्त चालवणारं न्यायालय ते पैसे दिलेच नाहीत असं धरून पुढे जातं. चिठ्ठी घरच्या कपाटात असून उपयोग नाही.

या अर्जाची मुदत पैसे दिल्यापासून ३० दिवस आहे. आणि वर मी ज्या विलंब माफीबद्दल लिहिलं, ती इथे मिळत नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ मधून आदेश २१ खालचे अर्ज वगळले आहेत. एकतिसाव्या दिवशी आजारपणाचा दाखला घेऊन गेलात तरी न्यायाधीशांचे हात बांधलेले असतात. दिवाणी कामातली इतकी निष्ठुर मुदत आणि तिच्याबद्दल इतकं अज्ञान, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. प्रामाणिकपणे पैसे फेडलेला माणूस दुसऱ्यांदा फेडतो.

तुमच्या अर्जात काय लावायचं? बँकेतून गेलेल्या दोन लाखांचा उतारा लावा, त्याबद्दल वाद होणार नाही. रोख एक लाख आणि कमी केलेले एक लाख या दोन्हींचा सगळा भार त्या चिठ्ठीवर आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराच्या सांगण्यावरून पैसे दिल्याची नोंद घ्यायची तर ते संहितेने सांगितलेल्या रीतीने दिलेले हवेत, किंवा कागदोपत्री पुरावा हवा, किंवा समोरच्याने कबूल केलेलं हवं. म्हणून चिठ्ठीची मूळ प्रत हजर करा. तिच्यात दाव्याचा नंबर आहे का, चार लाखांच्या हुकूमनाम्यापोटी पूर्ण फेड झाली असं लिहिलं आहे का, ते पाहा. ‘सर्व हिशेब मिटला’ हे मोघम आहे, समोरचा म्हणू शकतो की हिशेब दुसऱ्याच व्यवहाराचा होता. चिठ्ठी लिहिताना जे हजर होते त्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा.

ज्यांचं अजून मिटायचं आहे त्यांनी एवढं करावं: पैसे बँकेतून द्यावेत आणि समोरच्याने ‘हुकूमनाम्याची पूर्ण फेड झाली’ अशी पुरसीस (लेखी निवेदन) न्यायालयात दाखल केल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

प्रश्न: वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यात आमची तडजोड झाली. बोलताना रस्ता दहा फूट ठरला होता, कागदात आठ फूट आला. गडबडीत मी न वाचता सही केली. ज्या दिवशी सह्या झाल्या तो दिवस लोकअदालतीचा होता. अपील करू का?

उत्तर: अपील होणार नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, असं कलम ९६ च्या पोटकलम ३ मध्ये आहे. तडजोड बेकायदा होती म्हणून तो हुकूमनामा रद्द करा असा वेगळा दावाही लावता येत नाही, आदेश २३ च्या नियम ३-अ ने ती वाट बंद केली आहे. ज्याने संमती दिली त्याला सहजासहजी मागे फिरता येऊ नये, नाहीतर तडजोडीला अर्थच उरणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. मला तो विचार पटतो.

मग तुमच्याकडे काय उरतं ते कागदावर कोणाची सही आहे त्यावर ठरेल. नक्कल काढा आणि शेवट पाहा. दाव्याच्या न्यायाधीशांनी पुरसीस वाचून, दोघांना विचारून, ‘तडजोडीप्रमाणे हुकूमनामा करावा’ असा आदेश दिला असेल, तर तक्रार घेऊन त्याच न्यायालयात जायचं. तडजोड झालीच नाही, किंवा फसवून सही घेतली, हे त्याच न्यायालयाला दाखवायचं. हाच मार्ग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केलं. पण खाली लोकअदालतीच्या पॅनेलच्या सह्या असतील, तर तो लोकअदालतीचा निवाडा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तो हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि अंतिमही. त्याला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो आणि तिथेही अगदी मोजक्या कारणांवरच ऐकून घेतात.

आता दोन फुटांकडे येऊ. पुरसीशीला जोडलेल्या नकाशात दहा फूट असेल आणि मजकुरात टाइप करताना आठ पडले असतील, तर ती लेखनातली चूक ठरू शकते. कलम १५२ खाली न्यायालय हुकूमनाम्यातली अशी चूक केव्हाही दुरुस्त करू शकतं. आणि लोकअदालतीचा निवाडा असेल तरी आधी याच दुरुस्तीची विनंती तिथे करून पाहा. मात्र नकाशा नसेल आणि सगळीकडे आठच असेल, तर ‘मी वाचलं नव्हतं’ या कारणावर तुम्हाला कोणी दोन फूट देईल असं मी खोटं सांगणार नाही. समोरच्याने मुद्दाम आकडा बदलून आणला हे सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी.

लोकअदालतीच्या दिवशी गर्दी असते, सगळे घाईत असतात, ‘चला, मिटवून टाका’ असा आग्रह होतो. तुम्ही ‘मला घरी नेऊन वाचायचं आहे’ म्हणू शकता. लोकअदालतीला कोणावर निकाल लादता येत नाही. तडजोड झाली नाही तर कागद परत मूळ न्यायालयात जातात आणि दावा जिथे होता तिथून पुढे चालतो. मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हा मोठा फायदा आहेच, पण त्यासाठी न वाचता सही करू नका.

तडजोड वाचताना माझी नजर आधी गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतु:सीमा यांवर जाते. मग कोणी कधीपर्यंत काय करायचं याची तारीख पाहते, आणि न केल्यास काय, हे लिहिलं आहे का ते पाहते. हे शेवटचं कलम नसलेल्या तडजोडी पुन्हा न्यायालयात येतात. दाव्यात नसलेली एखादी मिळकत तडजोडीत ओढली असेल, तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी लागते. नाहीतर पुढे विक्रीच्या वेळी अडचण येते. आणि घरातलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मूल पक्षकार असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते, आई-वडिलांची सही पुरत नाही.

प्रश्न: आमचा दावा सुरुवातीलाच गेला. आदेशात ‘वादपत्र नाकारण्यात येते’ असं लिहिलंय. म्हणजे दावा फेटाळला?

उत्तर: नाही. वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, वाचूनच न्यायालयाला वाटलं की त्यातून दाव्याला कारणच दिसत नाही, किंवा कायद्याने असा दावा चालत नाही, किंवा मुदत देऊनही योग्य कोर्ट फी भरली नाही. आदेश ७ चा नियम ११ हा त्याचा आधार. त्रुटी दुरुस्त करून त्याच कारणावर नवं वादपत्र दाखल करता येतं, नियम १३ तसं सांगतो. मात्र मुदतबाह्य म्हणून नाकारलं असेल तर नव्याने लिहून ती मुदत परत येत नाही. अशा वेळी अपील करावं. गैरहजेरीच्या आदेशाला व्याख्येतून वगळलं असलं, तरी वादपत्र नाकारण्याचा आदेश हुकूमनामा मानला जातो.

प्रश्न: काकांनी पुरावा कमी आहे म्हणून दावा काढून घेतला. आता जुनी कागदपत्रं सापडली आहेत. पुन्हा लावता येईल?

उत्तर: काढून घेताना ‘नव्याने दावा दाखल करण्याची मुभा ठेवून’ अशी परवानगी न्यायालयाकडून घेतली होती का, तेवढंच आदेशात शोधा. घेतली असेल तर लावता येईल, पण पहिल्या दाव्यात गेलेला वेळ मुदतीतून वजा मिळत नाही. परवानगीशिवाय काढून घेतला असेल तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. नुसती ‘दावा काढून घेत आहे’ अशी दोन ओळींची पुरसीस देण्याआधी म्हणूनच थांबायला हवं. वकिलांना विचारा, की मुभा मागणारा अर्ज लिहिला आहे का.

प्रश्न: पूर्ण साक्षीपुरावा होऊन दावा आमच्या बाजूने लागला. समोरचे म्हणतात आम्ही अपील करणार, तोवर तुम्ही दरखास्त लावू शकत नाही.

उत्तर: लावू शकता. आदेश ४१ च्या नियम ५ प्रमाणे नुसतं अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही, ती अपिलीय न्यायालयाकडून वेगळी मागावी लागते. कनिष्ठ न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. तुमच्याकडे दरखास्तीला १२ वर्षं आहेत, पण इतकी वाट पाहू नका. समोरचा मिळकत दुसऱ्याच्या नावे करायला लागला की काम अवघड होतं.

आजच जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करा आणि त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवा. म्हणजे तुम्हाला कळवल्याशिवाय स्थगितीच्या अर्जावर आदेश होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं. तोवर अपील आलं नाही तर नवं दाखल करा.